दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं का? हिरडीच्या दुखण्याचा इतिहास

आजच्या एपिसोडमध्ये किल्ले नाहीत, लढाया नाहीत, तह नाहीत. आज इतिहास सांगायचाय तो हिरडीचा. दाताभोवतीचं ते गुलाबी मांस, ज्याच्याकडे आपण ते दुखायला लागेपर्यंत कधी बघतसुद्धा नाही.

तर झालं असं. मागच्या महिन्यात आमचा एक रिलीज होता. रात्री दोन-दोनपर्यंत जागरण, जेवण म्हणजे जे मिळेल ते, आणि झोपताना ब्रश वगैरे तर विसराच. त्या आठवड्यात डावीकडे खालची हिरडी सुजली. दात ठणकत होता असं नाही, पण चावलं की बारीक कळ यायची. ब्रश लावला की रक्त. मग मी काय केलं? जे बहुतेक लोक करतात तेच. त्या बाजूला ब्रश लावणं बंद केलं, एक पेनकिलर घेतली आणि आजीला फोन केला.

आजी साताऱ्याकडच्या गावात असते. तिचं निदान दोन सेकंदांत तयार. "कीड लागली आसंल. लवंग धर की दाताखाली."

लवंग धरली. तासाभरात बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी मला प्रश्न पडला, की आजी म्हणते ती कीड म्हणजे नक्की काय? दातात खरंच किडा असतो का? आणि हे पहिल्यांदा म्हणालं कोण? तिथून मी जो वाचत सुटलो, तो आजचा एपिसोड.

किडा आला कुठून?

बॅबिलोनची, म्हणजे आजच्या इराकमधली, मातीची एक पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. साधारण अडीच हजार वर्षांपूर्वीची, आणि तिच्यावरची गोष्ट त्याहून जुनी. गोष्ट अशी: आकाश झालं, पृथ्वी झाली, नद्या झाल्या, कालवे झाले, चिखल झाला आणि चिखलातून झाला एक किडा. तो रडत रडत देवांकडे गेला. मी खाऊ काय? देव म्हणाले, पिकलेलं अंजीर घे, जर्दाळू घे. किडा म्हणाला, फळं नकोत. मला दात आणि हिरडीच्या मध्ये जागा द्या. मी तिथलं रक्त पिईन आणि मुळं कुरतडीन.

यापुढे पाटीवर उपाय दिलाय. बिअर आणि तेल घालून केलेलं औषध दाताला लावायचं आणि हा मंत्र तीनदा म्हणायचा.

मला यात गंमत वाटली ती किड्याने मागितलेल्या जागेची. दात आणि हिरडीच्या मधली फट! कारण चुकलं होतं, पण पत्ता अगदी बरोबर होता.

ही किड्याची कल्पना मग जगभर दिसते. आपल्याकडे आयुर्वेदात 'कृमिदंत' आहे, आणि आजही आपण दात किडला, कीड लागली असंच म्हणतो. आपल्याकडे गावोगावी आणखी एक उपाय होता. भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकायच्या आणि तो धूर नळीने तोंडात घ्यायचा. मग म्हणे किडे गळून पडतात. आजीने स्वतः हे केलंय. "पडलं की किडं, मी बघितलं," असं ती आजही ठामपणे सांगते.

आता हे ऐका. मध्ययुगीन युरोपात हुबेहूब हाच उपाय होता, फक्त वनस्पती वेगळी. तिथे खुरासानी ओव्याच्या बिया जाळायचे. ही वनस्पती आणि आपली भुईरिंगणी, दोन्ही एकाच कुळातल्या, वांग्याच्या. खुरासानी ओव्यात गुंगी आणणारी द्रव्यं असतात, त्यामुळे दुखणं थोडं कमी होतही असेल. आणि किडे? बी तापलं की फुटतं, आतला पांढरा कोंब बाहेर येतो, आणि तो दिसतो अळीसारखा. लोकांना जे दिसायचं ते खरंच दिसायचं. फक्त ते दातातून आलेलं नसायचं.

जॉन जेरार्ड नावाच्या इंग्रज वनस्पती-अभ्यासकाने १५९७ मध्ये आपल्या ग्रंथात हे उघड लिहून टाकलं. गावोगाव फिरणारे दातकाढे असा धूर देतात, आणि त्यातले काही चलाख लोक ल्यूट या तंतुवाद्याच्या तारांचे बारीक तुकडे पाण्यात हळूच सोडतात आणि रोग्याला सांगतात, बघ, तुझे किडे पडले! म्हणजे 'दातातले किडे काढून देतो' हा धंदा चारशे वर्षांपूर्वी लंडनकडेही तेवढाच जोरात होता.

सुश्रुताने हिरडी वेगळी काढली

पण आपल्याकडच्या जुन्या वैद्यकात फक्त किडाच होता असं समजू नका. सुश्रुतसंहितेत तोंडाचे पासष्ट रोग सांगितलेत. त्यात दाताचे रोग वेगळे, आणि दाताच्या मुळाशी असलेल्या मांसाचे, म्हणजे हिरडीचे, पंधरा रोग वेगळे. शीताद नावाच्या रोगाचं वर्णन वाचताना मी सरळ उठून आरशासमोर गेलो. हिरडीतून उगाचच रक्त येतं, तोंडाला वास येतो, हिरडी मऊ पडते, काळपट होते.

दातावर साचून दगडासारख्या झालेल्या थराला सुश्रुत 'दंतशर्करा' म्हणतो. शर्करा म्हणजे इथे साखर नव्हे, खडे. आज डेंटिस्ट याला टार्टर म्हणतात. तो काढायला 'दंतशंकु' नावाचं हत्यार सांगितलंय, आणि सोबत सूचना आहे की काढताना हिरडीला इजा होता कामा नये.

आणि रोजची स्वच्छता? मऊ केलेल्या कुंचल्याने, चूर्ण लावून, एकेक दात घासायचा, हिरडीला न दुखवता. मंडळी, हे मी आता आहे तसंच्या तसं डेंटिस्टकडून ऐकलंय. फरक एवढाच, की तिथे मला त्याचे पैसे पडले.

म्हणजे घाण साचते, ती हळुवारपणे काढायची, हिरडी सांभाळायची, हा उपाय माहीत होता. का, हे मात्र कोणाला दिसलेलं नव्हतं. ते दिसायला भिंग लागणार होतं.

एका कापडवाल्याचा व्हिनेगरचा प्रयोग

१६८३. हॉलंडमधलं डेल्फ्ट शहर. आंतोनी व्हान लेवेनहूक हा तिथला कापडाचा व्यापारी. शास्त्रज्ञ वगैरे नाही, पण भिंगं घासायचा नाद. स्वतःच्या हाताने सूक्ष्मदर्शक बनवायचा. आपले दात तो रोज मिठाने घासायचा, कोरायचा, फडक्याने पुसायचा. तरी दातांच्या फटीत कणकेसारखा पांढरा थर राहतोच, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तो थर पाण्यात कालवून भिंगाखाली धरला. आत बारीक जीव वळवळत होते. त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून हे कळवलं. आयुष्यात कधीच दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातला नमुनाही त्याने पाहिला. तिथे तर नुसती जत्रा होती.

म्हणजे बॅबिलोनचा किडा शेवटी सापडला म्हणायचा! पण तो एक नव्हता, असंख्य होते, आणि डोळ्याला दिसण्याइतके मोठे कधीच नव्हते.

मला त्याचा पुढचा प्रयोग जास्त आवडला. त्याने कडक व्हिनेगरने दातांतून खळखळून चूळ भरली. मग परत थर काढून पाहिला. जीव तसेच जिवंत! मग तोच थर काढून व्हिनेगरमध्ये कालवला. तेव्हा मात्र ते मेले. निष्कर्ष त्याने स्वतःच काढला: व्हिनेगर फक्त थराच्या बाहेरच्यांना मारतं, आत शिरत नाही.

आज आपण याला प्लाक म्हणतो. जंतूंनी एकमेकांना चिकटून बांधलेली वस्ती. नुसत्या गुळण्यांनी ती उठत नाही, घासून मोडावी लागते. माउथवॉशची बाटली घेऊन 'झालं काम' म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना हे उत्तर साडेतीनशे वर्षांपूर्वीच मिळालेलं होतं.

१७२८ मध्ये पॅरिसच्या पिएर फोशार यांनी दंतवैद्यकावरचा मोठा ग्रंथ छापला. त्यांनी सांगितलं की सूक्ष्मदर्शकातून पाहूनही मला दातात किडे सापडले नाहीत. त्यानंतर वैद्यांच्या जगातला किडा हळूहळू गेला. आपल्या बोलण्यात तो राहिला.

बारा जणांनी ब्रश खाली ठेवला

तरीही एक प्रश्न शिल्लकच होता. हिरडी सुजते ती या थरामुळेच, हे सिद्ध कसं करायचं? वय, अशक्तपणा, अनुवंश, उष्णता, कशाचंही नाव घेता येत होतं.

डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहरात हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर शोधलं, आणि ते १९६५ साली छापून आलं. प्रयोग इतका साधा की हसू येतं. निरोगी हिरड्यांची बारा माणसं घेतली, त्यात बहुतेक डेंटलचेच विद्यार्थी. त्यांना सांगितलं, आजपासून दात घासायचे नाहीत. बस्स. हिरड्या तपासायच्या, थराचे नमुने घ्यायचे.

दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. एकही सुटला नाही. मग सांगितलं, आता परत नीट घासा. साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत.

कोणतंही औषध नाही, इंजेक्शन नाही. थर साचू दिला की सूज, थर काढला की सूज गेली. आम्ही ऑफिसात बग शोधताना हेच करतो: एकच गोष्ट बदलायची, चूक दिसते का बघायचं, मग ती गोष्ट परत जागेवर आणायची आणि चूक जाते का बघायचं.

आणि हे वाचल्यावर माझी स्वतःची चूक लख्ख दिसली. रक्त येतं म्हणून मी त्या बाजूला ब्रश लावणं बंद केलं होतं. म्हणजे नेमका ऑर्हुसचा पहिला भाग मी घरी करत होतो, दुसरा भाग मात्र करतच नव्हतो. रक्त येतं ते ब्रशने जखम झाली म्हणून नव्हे, तर बहुतेक वेळा हिरडी आधीच सुजलेली असते म्हणून. वर पेनकिलर! अलर्ट म्यूट केला आणि समजलो सिस्टीम ठीक आहे.

"आमच्या आज्ज्याने कधी ब्रश नाही केला"

आता तुमच्यातला कोणीतरी म्हणणारच. आमच्या आज्ज्याने कधी ब्रश हातात धरला नाही आणि ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खायचा! असेल. खोटं नाही म्हणत मी.

याच लो यांच्या गटाने श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० कामगारांचा अभ्यास केला. १९७० ते १९८५, पंधरा वर्षं. ब्रश, दवाखाना यातलं या लोकांच्या आयुष्यात काहीच नव्हतं. हिरड्या सगळ्यांच्याच सुजलेल्या. पण पुढे काय झालं? सुमारे ११ टक्के लोकांचं दुखणं हिरडीच्या सुजेवरच थांबलं, आतल्या हाडापर्यंत गेलं नाही. ८१ टक्क्यांमध्ये दाताचा आधार हळूहळू झिजत गेला. आणि ८ टक्क्यांमध्ये तो झपाट्याने गेला.

उसवाला आजोबा त्या ११ टक्क्यांतला. त्याची गोष्ट आपण सांगतो, कारण त्याचे दात शिल्लक होते. बाकीच्यांबद्दल आपण एवढंच म्हणतो, की वय झालं, दात पडले. आणि हे झिजणं बहुतेक वेळा दुखत नाही. हिरडी सुजते, रक्त येतं, मग सगळं शांत. शांत असतानाच खालचं हाड उतरत असतं.

आजीची मशेरी

इथपर्यंत वाचून झालं आणि मी आजीला परत फोन केला. माझ्या आजीला कवळी आहे. मी तिला कवळीशिवाय पाहिल्याचं आठवतच नाही. आणि कवळी लागण्याआधीपासून तिला मशेरी आहे. मी विचारलं, आजी, तू मशेरी लावायला लागलीस कधी?

ती जरा थांबली. म्हणाली, "तुझा बाप पोटात होता तवा. हिरड्या लई सुजल्या हुत्या. रगात यायचं. थोरल्या जावंनं मशेरी दिली लावायला."

मंडळी, गरोदरपणात हार्मोन्समुळे हिरड्या जास्त सुजतात. लो यांनीच १९६३ मध्ये एका सहकाऱ्यासोबत यावर काम केलेलं आहे. आणि ही वाढलेली सूज बाळंतपणानंतर बऱ्यापैकी आपोआप उतरते. म्हणजे आजीचं ते दुखणं काही महिन्यांत उतरणारच होतं. ते उतरलं, श्रेय मशेरीला मिळालं, आणि मशेरी पुढची पन्नासपेक्षा जास्त वर्षं राहिली.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. ही तंबाखू पोर्तुगिजांबरोबर इथे आली. १६०४च्या सुमारास अकबराचा दरबारी असद बेग विजापूरला गेला होता. तिथे त्याला ही नवलाची वस्तू दिसली, आणि त्याने ती आग्र्याला नेऊन बादशहाला दाखवली. म्हणजे तंबाखू आपल्या दख्खनेत आधी आणि मुघल दरबारात नंतर. बादशहाने झुरके घेतले, हकिमाने विरोध केला, आणि पुढे काय झालं ते आपण जाणतोच. योगायोग बघा, तंबाखूही त्याच वांग्याच्या कुळातली.

तंबाखूने हिरडीला चुरचुर होते, मग बधिर वाटतं, आणि निकोटीनची सवय लागते. सवय लागली की न लावल्यावर बेचैनी, आणि लावल्यावर 'बरं वाटलं'. हिरडी मात्र उतरत जाते, आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार?

मी थोरल्या जावेला दोष देत नाही. तिने एका घाबरलेल्या पोरीला तिच्याजवळ जे होतं ते दिलं. गावात डेंटिस्ट तर सोडाच, 'हे तात्पुरतं आहे, घासत राहा' एवढं सांगणारंही कोणी नव्हतं. भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्याला १९२० मध्ये काढलं, आणि दंतवैद्यकाचा कायदा झाला तो १९४८ मध्ये. तिथून साताऱ्याच्या खेड्यापर्यंत यायला फार वेळ लागला.

मग लवंग खोटी का?

अजिबात नाही. लवंगेतलं युजेनॉल नसांना खरंच बधिर करतं. दाताच्या दवाखान्यात शिरल्यावर जो वास येतो ना, तो बऱ्याचदा त्याचाच. डेंटिस्ट झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचं सिमेंट वापरतात. पण लवंग दुखणं थांबवते, थर काढत नाही. आणि तेल थेट हिरडीवर ओतलंत तर हिरडी भाजल्यासारखी होते. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर धरून ठेवली तरी तसंच होतं, ते तर करूच नका.

सातव्या दिवशी मी गेलो एकदाचा. डॉक्टर मॅडमनी पाहिलं आणि म्हणाल्या, "दात चांगलाय तुमचा. हिरडी सुजलीये. इथे किती टार्टर आहे बघा." मी घाबरत विचारलं, स्केलिंगने दात सैल होतात म्हणे? त्या हसल्या. थर निघाल्यावर जी फट जाणवते ती थराने भरलेली जागा असते, दात सैल झाल्याची नव्हे. अर्ध्या तासात काम झालं. घरी कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, मऊ ब्रश, दोन वेळा, आणि रक्त आलं तरी हळुवार घासायचं थांबायचं नाही. आठवड्याभरात हिरडी गुलाबी. ऑर्हुसच्या वेळापत्रकाप्रमाणे!

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. गाल सुजला, पू आला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर गुळण्या करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि साधी सूज आठवड्याभरात उतरली नाही तरीही जा.

आजीला मी हे सगळं सांगितलं. मशेरी सोड असंही सांगितलं, आणि तोंड एकदा तपासून घेऊ म्हटलं. तपासायला ती तयार झाली. मशेरीवर म्हणाली, "आता कुठं दात ऱ्हायलेत वाचवायला?" मी म्हटलं, दात नाहीत, पण हिरड्या आहेत ना. त्यावर ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी मी तिला घेऊन साताऱ्याला जातोय.

आज रात्री झोपण्याआधी दोन मिनिटं आरशासमोर उभे राहा, ओठ वर करा आणि हिरड्या बघा. कुठे लाल, सुजलेली, रक्त येणारी जागा असेल तर तिथेच, हळुवारपणे, ब्रश फिरवा. आणि घरात कोणाच्या हातात मशेरीची डबी असेल, तर हा एपिसोड त्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात!